आवाज गिळणारी नळी

मुलांनो, आपल्या मराठीत मोटारसायकलला एक झकास नाव आहे. फटफटी! हे नाव कुणा पंडिताने ठेवलेले नाही. रस्त्यावरून गाडी गेली, 'फट् फट् फट् फट्' असा आवाज आला आणि लोकांनी त्या आवाजावरूनच तिचे बारसे करून टाकले. चिमणीला चिऊ म्हणतो, कावळ्याला काऊ म्हणतो, तसेच हे.

पण गंमत पाहा. फटफटी रस्त्यावर आली तेव्हापासून इंजिनिअर मंडळी तिचा 'फट्' कमी करायच्या मागे लागली आहेत. आणि काही हौशी मंडळी तोच 'फट्' वाढवायच्या मागे! आपल्या गोंदियात संध्याकाळी एखाद्या चौकात पाच मिनिटे उभे राहा. गोंदिया जंक्शनवर शिरणाऱ्या गाडीच्या भोंग्याशी जणू पैज लावल्यासारखी एखादी मोटारसायकल धडधडत जाईल.

तुमच्याही घरी दादा, काका किंवा मामा म्हणत असेल, "या दिवाळीला गाडीला नवीन सायलेन्सर टाकतो." मग तो कोणता टाकावा? आवाज वाढला की गाडीची ताकद वाढते का? आणि टाकलेला सायलेन्सर फारच ओरडू लागला, तर त्याला गप्प कसे करावे? चला, आज या नळीच्या पोटात शिरून पाहू या. आणि हो, वाचून झाल्यावर हे पान घरच्या मोठ्यांनाही द्या बरं का! त्यांच्याही कामाचे यात बरेच काही आहे.

'फट्' येतो कुठून?

आधी एक प्रयोग करा. दोन फुगे सारखेच फुगवा. एकाला टाचणी टोचा. फटाक्! आता दुसऱ्या फुग्याचे तोंड चिमटीत धरून हवा हळूहळू सोडा. नुसता फुस्स आवाज होईल. दोन्ही फुग्यांत हवा तेवढीच होती. मग एवढा फरक का? पहिल्या फुग्यातली दाबलेली हवा एकदम बाहेर पडली, दुसऱ्यातली सावकाश पडली. बस्स, सायलेन्सरचे सगळे गुपित या दोन फुग्यांत आहे.

मोटारसायकलच्या इंजिनात एक नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो. तो पिस्टन. पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढायची, ती दाबायची, ठिणगीने पेटवायची आणि जळून उरलेला वायू बाहेर ढकलायचा, अशी चार कामे पिस्टन वर किंवा खाली जाण्याच्या चार खेपांत करतो. म्हणून या इंजिनाला फोर स्ट्रोक म्हणतात. चौथ्या कामासाठी बाहेरची झडप उघडते तेव्हा आतला वायू अतिशय तापलेला आणि दाबलेला असतो. दार उघडताच तो धाडकन बाहेर झेपावतो. टाचणी टोचलेला फुगाच म्हणा ना! हाच तो 'फट्'.

आता थोडे गणित. एका सिलिंडरचे फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा 'फट्' करते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १५०० 'फट्' झाले. म्हणजे सेकंदाला २५. एवढ्या घाईत आपला कान त्यांना वेगवेगळे मोजू शकत नाही. मग ते एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला 'घुर्रर्र' ऐकू येते. जुनी बुलेट उभ्या उभ्या चालू ठेवली, की इंजिन मिनिटाला साधारण १००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला फक्त ८ ते ९ ठोके. तेवढे कानाला सुटे सुटे कळतात. म्हणून बुलेटची ती प्रसिद्ध 'दुग दुग दुग'. त्यात जादू काही नाही, इंजिनाची सावकाश चाल आहे.

जुन्या राजदूत आणि यामाहा आर.एक्स. १०० या गाड्या टू स्ट्रोक होत्या. त्या प्रत्येक फेऱ्याला एक 'फट्' करीत. त्यामुळे त्यांचा आवाज किरटा आणि टर्रर्र असा येई.

पोटातल्या खोल्या

इंग्रज लोक या नळीला सायलेन्सर म्हणतात, अमेरिकेत तिला मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर म्हटले की आजोबांच्या गळ्यातला लोकरी पट्टा आठवतो. पण दोघांचे काम सारखेच. एक गळा झाकतो, दुसरा आवाज झाकतो.

मोटारगाडीच्या इंजिनासाठी असा मफलर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्ह्ज आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी तयार केला. त्याचे पेटंट त्यांना १८९७ साली मिळाले. आज सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी मूळ कल्पना तीच आहे.

बाहेरून सायलेन्सर म्हणजे एक चकचकीत नळकांडे दिसते. आत मात्र एखाद्या वाड्यासारख्या खोल्या असतात. पत्र्याच्या भिंती, त्या भिंतींतून आरपार गेलेल्या लहान नळ्या आणि नळ्यांना असंख्य भोके. इंजिनातून आलेला वायू अरुंद नळीतून पहिल्या मोठ्या खोलीत शिरतो. तिथे त्याला ऐसपैस जागा मिळते, तो पसरतो आणि त्याचा दाब उतरतो. मग तो वळसा घेऊन दुसऱ्या खोलीत जातो, तिथून तिसऱ्या. बाहेर पडेपर्यंत बिचाऱ्याचा जोर ओसरलेला असतो. दुसरा फुगा आठवला ना?

एवढेच नाही. तळ्यात दोन दगड टाकले की दोन्हींच्या लाटा एकमेकींना भेटतात. जिथे एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र येतो, तिथे पाणी सपाट होते. आवाजही लाटांनीच चालतो. सायलेन्सरच्या भिंतींवर आपटून परतलेली लाट मागून येणाऱ्या लाटेला अशीच भेटते. खोलीची लांबी नेमकी ठेवली, तर त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून टाकतात. आवाजानेच आवाज मारायचा! म्हणून खोली किती लांब आणि भोक केवढे, हे कंपनीतले इंजिनिअर त्या त्या इंजिनासाठी मोजूनमापून ठरवतात.

तिसरी युक्ती बाटलीची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर तिरकी फुंकर मारा. 'भूंऽऽ' असा एकच सूर निघतो. थोडे पाणी भरा, सूर बदलतो. अशा पोकळीचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात केला. नळीच्या कडेला अशी बंद पोकळी जोडली, तर ती आपला ठरावीक सूर ओढून घेते. पुण्याच्या बजाज कंपनीने आपल्या काही मोटारसायकलींना इंजिनाजवळच्या नळीवर एक छोटा डबा जोडला होता. त्याला त्यांनी 'एक्झॉसटेक' असे नाव दिले होते. कमी वेगातही इंजिनाने चांगला जोर धरावा, हा त्या डब्याचा हेतू. पाहा, एका साध्या पोकळीकडून किती कामे करून घेता येतात!

चौथी युक्ती कापसाची. भोके पाडलेल्या नळीभोवती काचेचा बारीक कापूस, म्हणजे ग्लासवूल, ठासून भरतात. आवाजाची लाट त्या धाग्यांत शिरते आणि तिथेच जिरते. भिंतींच्या खोल्या जाड, घुमणारा आवाज चांगला अडवतात. कापूस बारीक, कर्कश आवाज चांगला गिळतो.

आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी?

बाजारात मिळणारे हौशी सायलेन्सर बहुधा सरळ नळीचे असतात. मध्ये भोकांची नळी, भोवती थोडा ग्लासवूल, खोल्या वगैरे काही नाही. वायूला अडवणूक नको, तो मोकळा जावा, म्हणून त्यांना 'फ्री फ्लो' म्हणतात. बुलेटसाठी तर शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, इंदोरी, पंजाबी अशी नावेच नावे आहेत. काही नळ्यांत तर कापूसही नसतो. तो सायलेन्सर कसला? नुसता भोंगा!

दादा म्हणेल, "अरे, आवाज बघ कसा दमदार! पिकअप वाढला." आपण त्याच्याशी भांडायचे नाही. त्याला हिशोब दाखवायचा.

३५० सीसीच्या बुलेटचे इंजिन साधारण २० हॉर्सपॉवरचे असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे इंजिनाची ताकद झाली जवळजवळ १५,००० वॅट. आता साडेसात मीटरवर १०० डेसिबल, म्हणजे कान किटवणारा आवाज करणारी गाडी घ्या. चहूकडे फेकलेल्या त्या सगळ्या आवाजाची ताकद मोजली, तर भरते जेमतेम ३ ते ४ वॅट. घरातल्या एलईडीच्या लहान बल्बहूनही कमी! १५,००० कुठे आणि ४ कुठे? एवढ्या आवाजाने गाडी ओढली जात नाही. आपला कानच इतका नाजूक आहे, की त्याला ४ वॅटही दणका वाटतात.

मोकळ्या नळीने थोडी ताकद वाढू शकते, हे खरे. पण ती शर्यतीच्या गाडीत. इंजिन फार वेगाने फिरत असेल आणि पेट्रोल-हवेचे प्रमाणही नव्याने जुळवले असेल, तेव्हा. आपल्या गोंदियाच्या रस्त्यावर, भाजीबाजारातून वाट काढताना त्याचा काय उपयोग? उलट प्रमाण न जुळवता नळी बदलली, तर गाडी रेस सोडताच फटाके फोडते, इंजिन जास्त तापते आणि कमी वेगातला जोरही घटू शकतो.

"पण आवाजाने समोरचा सावध होतो," असेही दादा म्हणेल. सायलेन्सरचे तोंड मागे असते. आवाजाचा मोठा भाग मागे पडतो. काचा लावून पुढे चाललेल्या ट्रकवाल्यापर्यंत तो उशिरा आणि कमीच पोचतो. सावध करायला हॉर्न आहे, दिवा आहे आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे ब्रेक आहे.

शेवटच्या बाकावरचे 'धान'

आता थोडे शाळेत येऊ या. प्राथमिक शाळेत शिकवताना रोज अनुभवाला येणारी ही गोष्ट आहे. शुद्धलेखन चालू असते. शिक्षक शब्द सांगतात, 'धान'. नेमकी त्याच क्षणी रस्त्यावरून एक मोकळ्या सायलेन्सरची गाडी जाते. वह्या तपासायला घेतल्या तर पुढच्या बाकांवर 'धान' असते. मागे कुणी 'पान' लिहिलेले असते, कुणी 'कान', तर कुणी 'दान'. आता सांगा, धानाच्या जिल्ह्यातल्या पोराला धान लिहिता येत नाही का? येते. त्याला ते ऐकूच आले नाही!

असे का होते? बोलताना 'आ', 'ई', 'ओ' हे स्वर मोठ्याने उमटतात. 'ध', 'प', 'क', 'द' ही व्यंजने मात्र क्षणभराची आणि हळू असतात. गोंगाटात आधी बुडतात ती व्यंजने. मग उरते फक्त '-आन'. मोठी माणसे संदर्भावरून शब्द ओळखतात. पण जो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायचा आहे, तो दुसरीतल्या मुलाने कशावरून ओळखावा? आणि एखाद्या मुलाला मुळातच कमी ऐकू येत असेल, तर त्याचे काय?

शिक्षकांचा नेहमीचा आवाज साधारण ६० ते ६५ डेसिबल असतो. वर्ग चालू असताना बाहेरून येणारा गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे साडेसात मीटरवर १०० डेसिबल ओरडणारी गाडी १५ मीटरवर ९४, ३० मीटरवर ८८ आणि ६० मीटरवर ८२. रस्त्यापासून ६० मीटर आत असलेल्या शाळेच्या उघड्या खिडकीशीसुद्धा ती शिक्षकांपेक्षा मोठ्याने बोलते!

डेसिबलचे वेडे गणित

डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी नसते बरं का! १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते. २० वाढले म्हणजे शंभरपट. म्हणजे १०० डेसिबलची एक गाडी ८० डेसिबलच्या शंभर गाड्यांइतका आवाज ओतते. कल्पना करा, गल्लीतून एक गाडी गेली आणि शंभर गाड्यांची मिरवणूक गेल्यासारखे झाले!

कानावर होणारा परिणामही असाच झपाट्याने वाढतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आणि त्या नळीच्या सर्वांत जवळ रोज कोण बसते? आपला दादाच! कानाच्या आतल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणूनच कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दुचाकीसाठी २००५ पासूनची मर्यादा अशी आहे. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यापुढे ८० डेसिबल. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी 'एआरएआय' ही संस्था आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याला आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. गाडी ठरलेल्या रीतीने धावत जाते आणि तिच्या वाटेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन तिचा आवाज मोजतो.

वस्तीतल्या आवाजासाठी २००० साली वेगळे नियम झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०.

नियम मोडून गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ३ महिने लायसन्सला मुकावे लागते. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी गाड्यांवरून उतरवलेले शेकडो सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला आहे. हजारो रुपयांची हौस, पाच मिनिटांत पत्रा!

नवा सायलेन्सर घेताना

जुना सायलेन्सर गंजला, फुटला तर नवा घ्यावाच लागतो. त्यात चूक काही नाही. फक्त घेताना घरच्या मोठ्यांनी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

१. सगळ्यात चांगला तो कंपनीचाच, आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचा. थोडा महाग पडतो, पण खोल्यांची लांबी त्या इंजिनासाठीच मोजलेली असते.

२. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल, तर दुकानदाराला आधी विचारावे, "यात आत काय आहे? खोल्या की सरळ नळी?" सायलेन्सर थंड आणि सुटा असताना तोंडातून डोकवावे. एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला आरपार दिसला, तर आवाज अडवायला आत फारसे काही नाही असे समजावे.

३. हातात घेऊन हलवून पाहावा. आत खुळखुळ वाजले तर पत्रा सुटलेला आहे. तो घेऊ नये.

४. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या विकल्या जातात. त्यांच्या धुराच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. तिथेच ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही असतो. पूर्ण नळी बदलली, की कन्व्हर्टर जातो, विषारी धूर वाढतो आणि पीयूसी चाचणीत गाडी नापास होऊ शकते.

५. "रस्त्यावर चालणार नाही, फक्त शर्यतीसाठी" अशा अर्थाचे काही खोक्यावर छापलेले असेल, तर ते मुकाट्याने मानावे. विकणाऱ्याने स्वतःच सांगून ठेवले आहे ना!

ओरडणाऱ्याला गप्प कसे करावे?

कधी कधी गाडीला कंपनीचाच सायलेन्सर असतो आणि तरी आवाज वाढतो. मग नवा घेण्याआधी दुखणे शोधावे. हे काम मोठ्यांचे किंवा मेकॅनिकभाऊंचे. तुम्ही दुरून पाहा आणि शिका.

गाडी पूर्ण थंड असताना इंजिनाजवळच्या जोडावर पाहावे. तिथे काळी काजळी दिसली, तर वायू तिथूनच निसटतो आहे. जोडातले पॅकिंग जळलेले असते. ते थोडक्या पैशांत मिळते. नवे घालून नट बेताने आवळले, की बहुतेक वेळा 'फट फट' बंद होते. शेकडो रुपयांचे दुखणे कित्येकदा एवढ्याशा कडीत असते!

सायलेन्सरला खालून भोक पडले असेल, तर ते गंजाचे काम. आता एक नवल ऐका. एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पण सायलेन्सर थंड असेल तर आतच थेंब जमतात. म्हणून डिसेंबरच्या थंडीत सकाळी गाडी चालू करताच नळीतून पाणी ठिबकते. शेजारच्या दुकानापर्यंतच गाडी फिरवली, तर सायलेन्सर तापत नाही, पाणी आत राहते आणि तो आतून गंजतो. दोन पावलांवर जायचे तर चालत जा, असे आई म्हणते ते उगाच नाही! काही सायलेन्सरला खालच्या बाजूला पाणी निघण्यासाठी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. ते बुजवायचे नाही. गंजाचे लहान भोक वेल्डिंगने बुजते, पण पत्राच कुजला असेल तर सायलेन्सर बदलावा.

सरळ नळीचा सायलेन्सर दिवसेंदिवस जास्त ओरडू लागला, तर आतला ग्लासवूल जळून उडाला आहे. तो बदलता येतो. जुना काढून नवा नळीभोवती सारखा गुंडाळावा लागतो. फार ठासला तर आवाज शिरत नाही, सैल राहिला तर लवकर उडतो. हा कापूस काचेचा असतो. हातमोजे आणि तोंडाला फडके बांधल्याशिवाय हात लावू नये. मुलांनी तर मुळीच नाही.

अशा नळीच्या तोंडात बसवायचा एक लहान तुकडा मिळतो. त्याला 'डीबी किलर' म्हणतात. वाट अरुंद करून तो आवाज उतरवतो. बरेच जण सायलेन्सर घेतात आणि हाच तुकडा पहिल्यांदा काढून फेकतात. म्हणजे छत्री घ्यायची आणि कापड फाडून टाकायचे! पण डीबी किलर बसवला म्हणजे सायलेन्सर आपोआप कायद्यात बसला, असेही नाही. आवाज मर्यादेत आला का, तेच महत्त्वाचे. मूळ सायलेन्सर माळ्यावर ठेवलेला असेल, तर सर्वांत सोपा उपाय तोच. उतरवा आणि परत बसवा.

एक सावधगिरी मात्र पक्की. तपासणीसाठी इंजिन चालू करायचे ते उघड्यावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

आणि आता सर्वांत स्वस्त सायलेन्सर सांगू? चालवणाऱ्याचे उजवे मनगट! उभ्या गाडीला उगाच रेस न देणे, शाळा आणि दवाखान्यापाशी पिळणे कमी करणे, याला एक पैसा लागत नाही.

तुमच्यासाठी

लायसन्सशिवाय गाडीला हात लावायचा नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. त्याआधी मुलाने गाडी चालवली, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

गाडीवरून उतरायचे ते डाव्या बाजूने. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. पोटरी भाजलीच, तर नळाच्या साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको. फोड आला तर डॉक्टरांकडे जा.

आता एक अभ्यास. रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर अर्धा तास बसा. वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, किती मोटारसायकली गेल्या. दुसऱ्यात लिहा, त्यांतल्या किती जाताना तुमचे बोलणे थांबवावे लागले. मोठ्यांच्या मोबाइलवर आवाज मोजायचे ॲप असेल तर आकडेही टिपा. ते अगदी अचूक नसतात, पण कोणता आवाज कमी, कोणता जास्त, हे कळते. मग त्याच ठिकाणी पहाटे बसून पाहा. काय काय ऐकू येते, तेही लिहा. आपला जिल्हा सारस पक्ष्यांचा. तलाव आणि धानाच्या बांध्यांजवळ राहणाऱ्यांनी कान देऊन ऐकावे, सारसाची जोडी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून ओरडते आणि तो आवाज दूरवर जातो. तिला कोणताही सायलेन्सर लावायची गरज नाही!

ही वही दादाला दाखवा. "आवाज बंद कर" असे म्हणू नका. एवढेच विचारा, "दादा, तू शाळेसमोरून जातोस तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराला 'धान' ऐकू येतं का रे?"

दादा हुशार आहे. त्याला समजेल.